जळजळ नाही, मग घसा का खाकरावा लागतो?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ४१, दिवसाचे पाच-सहा तास वर्गात उभं राहून बोलण्यात जातात. चार महिन्यांपासून घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, सकाळी आवाज जड असतो, दिवसभर घसा खाकरावा लागतो. छातीत जळजळ मात्र कधीच झालेली नाही. दुर्बिणीने घसा तपासला तेव्हा 'ॲसिडमुळे लाली आहे' असं सांगितलं गेलं. महिनाभर गोळ्या घेतल्या, पण फरक जेमतेम. आता गोळ्या बंद करून सफरचंदाचं व्हिनेगर, खायचा सोडा किंवा कोरफडीचा रस यांपैकी काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, घाईघाईत लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: 'हा कॅन्सर तर नसेल ना?'

त्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. ते डोक्यात घोळत असताना पुढचं काही नीट वाचून होणार नाही.

तुम्ही लिहिलंय की नुसता आवंढा गिळताना गोळा जाणवतो, पण जेवताना तो जाणवत नाही. घास सरळ खाली जातो. गाठ किंवा अरुंद झालेली अन्ननलिका बहुधा उलट वागते. आधी घट्ट घास अडतो, मग मऊ पदार्थ, मग पाणीसुद्धा. जेवताना नाहीसा होणारा आणि रिकाम्या गिळण्यात सापडणारा गोळा हा बहुतेक वेळा घशाच्या तळाशी असलेल्या स्नायूच्या कड्याचा आखडलेपणा असतो. ताण आला की तो वाढतो, गप्पांत रमलात की विसरायला होतो. शिवाय स्वरयंत्र दुर्बिणीने पाहून झालंय आणि त्यात गाठ दिसलेली नाही. त्यामुळे तुमच्या वर्णनात मला घाबरण्यासारखं काही दिसत नाही.

तरीही या गोष्टी लक्षात ठेवा: घास अडकणं, गिळताना दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, मानेला गाठ लागणं, घशासोबत एकाच बाजूचा कान सतत दुखणं, थुंकीत किंवा उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शौचाला होणं, आणि तीन-चार आठवडे न सुटणारा घोगरेपणा. तंबाखू किंवा दारू असेल तर याला दुप्पट महत्त्व. यातलं एकही असेल तर घरगुती उपाय बाजूला ठेवून आधी तपासणी. आणि छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, चालताना वाढत असेल, तर ते पित्त समजून घरी बसू नका. हृदयाचा झटका 'गॅस' समजून घरी काढलेल्या रात्री मी पाहिल्या आहेत.

आता मूळ मुद्दा. आपण बोलताना 'पित्त झालं' म्हणतो, पण घशाशी येतं ते बहुतांशी जठरातलं आम्ल; खरं पित्त यकृतात तयार होतं आणि जठराच्या पुढे, लहान आतड्यात उतरतं. हा शब्दांचा घोळ निरुपद्रवी वाटतो, पण त्याने एक गैरसमज पक्का होतो: शरीरात काहीतरी 'जास्त झालंय' आणि ते मारायचं आहे. प्रत्यक्षात घसा बिघडलेल्या बहुतेक लोकांत आम्ल जास्त नसतंच. ते असावं तेवढंच असतं, फक्त नको तिथे पोचतं.

अन्ननलिका साधारण २५ सेंटीमीटर लांब. तिच्या खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी, स्नायूचं एक कडं आहे आणि श्वासपटलाचे, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यासारख्या स्नायूचे, तंतू त्याला बाहेरून कवटाळतात. दोन्ही मिळून झडप होते. जेवणानंतर जठर ताणलं की ही झडप अधूनमधून काही सेकंद सैल पडते. ढेकर त्याच वाटेने येतो, आणि त्याच्या पाठोपाठ थोडं आम्लही वर सरकतं. निरोगी माणसातही दिवसाला अनेकदा असं घडतं. अन्ननलिकेचं अस्तर ते सोसतं, लाळ ते धुऊन नेते. स्वरयंत्राला मात्र ही सवय नाही. तिथलं अस्तर नाजूक आहे, आणि अन्ननलिकेला ज्याची जाणीवही होत नाही एवढासा शिडकावा त्याला पुरतो. म्हणून छातीत जळजळ नसतानाही घसा तक्रार करू शकतो.

वर येतं ते नुसतं आम्लही नसतं. त्यात पेप्सिन असतं. प्रथिनं पचवणारं हे विकर थिओडोर श्वान यांनी १८३६ मध्ये शोधलं. आम्ल नसेल तेव्हा ते निपचित पडून राहतं, पण नष्ट होत नाही. घशाच्या पेशींवर चिकटून बसलेलं पेप्सिन नंतर वरून काही आंबट आलं की पुन्हा जागं होऊ शकतं. हे एक वाक्य तुमच्या व्हिनेगरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

दुसरा मार्ग मज्जातंतूंचा. आम्ल अन्ननलिकेच्या खालच्या भागातच थांबलं, घशापर्यंत आलंच नाही, तरी तिथला आणि घशाचा तार एकच, व्हेगस नावाचा. खालून इशारा गेला की वर खोकला येतो, घसा आवळतो, खाकरावंसं वाटतं. काही लोकांत हा तार फार हळवा होऊन बसतो आणि मग आम्ल थांबलं तरी खाकरणं थांबत नाही.

इथे मला माझी जुनी चूक कबूल करायला हवी. १९९० च्या दशकात घशापर्यंत येणाऱ्या या ओहोटीला वेगळं नाव आणि ओळख मिळाली. २००२ मध्ये नऊ प्रश्नांची एक गुणपट्टिका आली. प्रत्येक लक्षणाला शून्य ते पाच गुण, बेरीज १३ च्या वर गेली की संशय घ्यायचा. आम्ही सगळ्यांनी ती आनंदाने उचलली. लाल स्वरयंत्र दिसलं, गुण १३ च्या वर गेले, की आम्ल दाबणारी गोळी दिवसातून दोनदा. मीही कित्येक वर्षं तेच केलं. पण ती लाली कसलीही तक्रार नसलेल्या माणसांतही सर्रास दिसते, आणि ते प्रश्न ॲलर्जीच्या किंवा आवाज ताणणाऱ्या माणसालाही तेवढेच गुण देतात. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. घशाच्या चिवट तक्रारी असलेल्या ३४६ लोकांपैकी निम्म्यांना १६ आठवडे लॅन्सोप्रॅझोल हे आम्ल दाबणारं औषध दिलं, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि जवळजवळ सारखंच.

म्हणजे महिनाभराच्या गोळीने तुम्हाला फारसा फरक पडला नाही, यात तुमचं काही चुकलेलं नाही. गोळी आम्ल कमी करते. झडप घट्ट करत नाही, पेप्सिन अडवत नाही, खाकरण्याची सवय तर सोडवतच नाही. आणि व्हिनेगर, सोडा, कोरफड यांची यादी घेऊन तुम्ही तोच खेळ दुसऱ्या मैदानात खेळायला निघाला आहात. घशासाठी खरा प्रश्न असा आहे: जठरातलं जठरात कसं राहील, आणि चिडलेल्या घशाला उसंत कशी मिळेल?

सगळ्यात आधी खाकरणं. याला मी औषधांच्याही वर ठेवतो आणि लोक नेमकं यालाच हसण्यावारी नेतात. जोरात खाकरताना दोन्ही स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याने सूज येते, सुजेवर चिकट पातळ थर जमतो, तो थर कफासारखा वाटतो, आणि तो काढायला आपण पुन्हा खाकरतो. चार महिन्यांनी मूळ कारण निघून गेलं तरी हे चक्र स्वतःच्या बळावर फिरत राहतं. इच्छा झाली की खाकरू नका: पाण्याचा एक घोट घ्या आणि हनुवटी किंचित खाली करून जोर लावून गिळा. पाणी नसेल तर कोरडा आवंढा. तेही जमलं नाही तर ओठ मिटून हलकं 'म्म्म' करा. पहिले चार दिवस वेड लागेल. वर्गात पाण्याची बाटली टेबलावर ठेवा, आणि घरातल्या कुणाला तरी मोजायला सांगा. आपण किती वेळा खाकरतो हे आपल्याला कधीच कळत नाही. आवाज बसला म्हणून कुजबुजत शिकवू नका, कुजबुजण्यातही घसा आवळला जातो. शक्य असेल तर ध्वनिवर्धक वापरा.

यानंतर रात्रीचं जेवण. तुम्ही साडेनऊला जेवता आणि साडेदहाला आडवे होता, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य ते आहे. उभं असताना गुरुत्वाकर्षण फुकटात काम करतं. आडवं झालं की ते संपतं. झोपेत लाळ जवळपास आटते, गिळणं क्वचित होतं, म्हणजे वर आलेलं धुऊन नेणारं कुणी उरत नाही. सकाळी आवाज जड असण्याचं उत्तर बहुधा इथेच आहे. जेवण आणि झोप यांत किमान तीन तास ठेवा. कामामुळे लवकर जेवणं जमत नसेल तर मोठं जेवण दुपारी आणि रात्री अगदी थोडं, कमी तेला-तुपाचं. स्निग्ध जेवण जठरात जास्त वेळ रेंगाळतं आणि झडपही सैल करतं.

झोपताना पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटीमीटर उंचीचे ठोकळे ठेवा, किंवा कंबरेपासून वर जाणारी उताराची गादी घ्या. उशांची चळत करू नका. तिने मान आणि कंबर मुडपते, पोट दाबलं जातं, आणि आम्ल आणखीच वर येतं. डाव्या कुशीवर झोपा. जठराची रचनाच अशी आहे की डाव्या कुशीवर त्यातला साठा झडपेच्या खाली राहतो, उजव्या कुशीवर तो झडपेवर येऊन टेकतो. एवढ्या साध्या गोष्टीचा फरक २४ तासांच्या तपासणीच्या आलेखात दिसतो. दिवसा पोटाला घट्ट पट्टा नको. पोटाचा घेर वाढला असेल तर चार-पाच किलो कमी होणं हे कुठल्याही चूर्णापेक्षा मोठं औषध आहे. सडपातळ असाल तर हे वाक्य सोडून द्या.

श्वासाचा व्यायाम मी पूर्वी देत नसे, आता जवळजवळ सगळ्यांना देतो. झडपेचा बाहेरचा भाग श्वासपटलाचा आहे, आणि श्वासपटल हा स्नायू आहे, म्हणजे त्याला तालीम देता येते. २०१२ मधल्या एका छोट्या चाचणीत चार आठवडे पोटाने श्वास घेण्याचा सराव केलेल्यांच्या अन्ननलिकेत आम्लाचा वावर मोजण्याइतका कमी झाला. रुग्ण वीससुद्धा नव्हते, म्हणून याचा गाजावाजा करत नाही. पण खर्च शून्य, अपाय शून्य. जेवणानंतर दोन तास तरी गेलेले असावेत. एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने चार अंक मोजत श्वास घ्या, पोटावरचा हात वर उचलला जावा, छातीवरचा स्थिर राहावा. सहा अंक मोजत सोडा. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. आवंढ्याच्या गोळ्यालाही याने आराम पडतो, कारण घशाचं कडं त्यासोबत सैलावतं.

आता तुमची यादी.

सफरचंदाचं व्हिनेगर: नको. 'तुमच्यात आम्ल कमी आहे म्हणून झडप उघडते' हा त्यामागचा तर्क ऐकायला छान आहे, पण त्याला आधार नाही. सुजलेल्या घशावर आम्ल ओतणं आणि तिथे बसलेलं पेप्सिन जागं करणं, शिवाय दातांचं अस्तर झिजवणं, एवढंच हाती लागेल. सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिणाऱ्यांनाही हेच सांगतो. 'पचल्यावर ते अल्कलाइन होतं' हा मुद्दा घशाला लागू नाही, कारण घशावरून जाताना ते लिंबूच असतं.

खायचा सोडा आम्ल उदासीन करतो, हे खरं. पण त्या क्रियेत वायू तयार होतो, जठर फुगतं आणि झडप उघडते. वर्षानुवर्षं लोक त्या ढेकरालाच आराम समजतात. एका चहाच्या चमच्यात १२०० मिलीग्रॅमहून जास्त सोडियम जातं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराची मर्यादा २००० आहे. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार, गरोदरपण असेल तर हातही लावू नका. खूप जेवून वरून सोडा घेतल्याने जठर फाटल्याच्या घटना वैद्यकीय नोंदीत आहेत. दुर्मीळ, पण आहेत.

कोरफडीचा गर काहींना शांत वाटतो. पुरावा तुटपुंजा आहे, पण नुसता आतला गर असेल तर मी अडवत नाही. सालीलगतचा पिवळा चीक मात्र जुलाब लावतो.

तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल म्हणून: थंड दूध घटकाभर बरं वाटतं, नंतर त्यातली प्रथिनं आम्लाला पुन्हा बोलावतात, झोपताना तर नकोच. पुदिना पोटाला हलका, पण झडप सैल करतो, म्हणजे घशाच्या रुग्णाने घशासाठी पेपरमिंटच्या गोळ्या चघळणं ही खरोखर विनोदी परिस्थिती आहे. आलं थोडं असेल तर मळमळ शमवतं, जास्त झालं तर स्वतःच जळजळ करतं. ज्येष्ठमध घशाला खरंच मऊपणा देतं. अधूनमधून एखादी काडी चघळायला हरकत नाही, पण रोज, महिनोन्महिने घेतल्यास त्यातलं ग्लिसरायझिन रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम उतरवतं. 'नैसर्गिक' या शब्दाचा मला आलेला सर्वांत महागडा अनुभव ज्येष्ठमधाचाच आहे. सूज आलेले पाय आणि गोळ्यांनी न उतरणारा रक्तदाब घेऊन आलेल्या एका बाईंनी 'दुसरं काही घेत नाही, फक्त ज्येष्ठमध' असं अगदी शेवटी, उठता उठता सांगितलं.

मग द्यायचं काय? मला सर्वांत भावणारा वनस्पतिजन्य उपाय म्हणजे अल्जिनेट. तपकिरी समुद्री शेवाळातून ते काढतात. जेवणानंतर ताजं आम्ल अन्नात न मिसळता वरच्या बाजूला, झडपेच्या तोंडाशी तळ्यासारखं साचतं. हे ग्लासगोच्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिलं. अल्जिनेट नेमकं तिथे तरंगतं आणि सायीसारखा थर धरतं. आम्ल मारत नाही, वाटेत झाकण घालतं. औषधाच्या दुकानात पातळ औषध म्हणून मिळतं. जेवणानंतर आणि झोपण्याआधी शेवटचं, त्यावर पाणी प्यायचं नाही. त्यातही सोडियम असतं, तेव्हा रक्तदाबवाल्यांनी विचारून घ्यावं.

दुसरं, साखर नसलेलं च्युइंगगम, जेवणानंतर अर्धा तास, पुदिन्याच्या चवीचं सोडून कुठलंही. चघळल्याने लाळ सुटते, लाळेत आम्ल शमवणारं बायकार्बोनेट असतं, आणि वारंवार गिळणं होतं. वर्गात शिकवताना शोभणार नाही, मधल्या सुट्टीत चालेल.

खाण्याच्या यादीवर मी फार वेळ घालवत नाही. कॉफी, चॉकलेट, दारू, तळलेलं, टोमॅटो, आंबट फळं, फसफसणारी पेयं हे नेहमीचे संशयित. सगळी एकदम सोडून चेहरा पाडून बसू नका. दोन-तीन आठवडे बंद ठेवा, मग एकेक परत आणा आणि बघा. २०१७ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात अल्कलाइन पाणी आणि मुख्यतः भाज्या-कडधान्यांचा आहार घेणाऱ्यांना घशाच्या लक्षणांत गोळ्या घेणाऱ्यांइतकाच आराम पडला. जुन्या नोंदी तपासून केलेला अभ्यास होता, म्हणून पाण्याचं महागडं यंत्र घेऊ नका. आहाराचा भाग मात्र घेण्यासारखा आहे.

चालू असलेल्या गोळ्यांबद्दल. आठ-दहा आठवडे घेतल्या असतील तर एका दिवसात तोडू नका. दाबून ठेवलेलं आम्ल काही दिवस उसळी मारतं आणि 'गोळीशिवाय मी जगूच शकत नाही' असं वाटायला लागतं. तुमच्या डॉक्टरांना सांगून मात्रा निम्मी, मग एक दिवसाआड, आणि मधल्या दिवसांना अल्जिनेट. तुम्ही त्या जेवणानंतर घेत होता असं दिसतं. त्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात, नाहीतर निम्मं काम वाया. आणि ज्याला छातीत जळजळ आहे, अन्ननलिकेत व्रण आहे किंवा जो दुखऱ्या सांध्यांसाठी रोज वेदनाशामक घेतो, त्याने माझं हे वाचून गोळ्या बंद करू नयेत. त्याला त्या लागतात.

तुम्ही रक्तदाबाची गोळी घेता असं लिहिलंय, पण तिचं नाव दिलेलं नाही. ते बघा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल अशी 'प्रिल' ने संपणारी औषधं कोरडा खोकला आणि घशात खवखव आणतात, सुरू केल्यावर महिन्यांनीसुद्धा. ॲम्लोडिपिनसारखी काही औषधं झडप सैल करतात. चार महिन्यांपूर्वी गोळी बदलली होती का, हे आठवा. स्वतःहून बंद करू नका, पण विचारा. कधीकधी सगळा उलगडा त्या एका चिठ्ठीत असतो.

वेळ लागेल. छातीतली जळजळ दिवसांत शमते, घसा आठ ते बारा आठवडे घेतो, आणि सुधारणा सरळ रेषेत होत नाही. परीक्षांचा आठवडा आला की पुन्हा चार पावलं मागे. आधी सकाळचा आवाज सुटतो, मग खाकरणं कमी होतं, गोळा सर्वांत शेवटी जातो. रात्री एकदम घसा आवळून श्वास अडकल्यासारखं झालं तर उठून बसा, तोंडाने हपापून हवा ओढू नका. नाकाने लहान लहान श्वास घ्या आणि ओठ गोल करून हळू सोडा. मिनिटभरात सुटतं. पुन्हा पुन्हा झालं तर दाखवा.

बारा आठवडे हे सगळं मनापासून करूनही फरक नसेल, तर आणखी गोळ्या नकोत आणि आणखी चूर्णंही नकोत. मग २४ तासांची तपासणी करून घ्या, ज्यात नाकातून बारीक नळी घालून आम्ल आणि आम्लरहित ओहोटी दोन्ही मोजतात. ती करताना जेवण, झोप, शिकवणं सगळं नेहमीसारखं ठेवा. ओहोटी दिसली तर उपचार नेमके करता येतील. नाही दिसली, तर घसा आम्लाने नव्हे, हळव्या झालेल्या मज्जातंतूने किंवा वापराने दमलाय, आणि तिथे वाचा-उपचारतज्ज्ञ माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतील. खरं सांगायचं तर दिवसाला सहा तास बोलणाऱ्या माणसाने त्यांच्याकडे आत्ताच एकदा जाऊन यावं.